डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. स्कोपमधून, म्हणजे रायफलवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीतून, पाहिलं की निशाण्याऐवजी काळं कडं दिसतं, कधी चंद्रकोरीसारखी सावली येते, आणि मान ताणून ताणून दुखायला लागते. दोष बहुतेक वेळा स्कोपचा नसतो, तो बसवला कुठे याचा असतो. मागच्या काचेपासून डोळ्यापर्यंतच्या ज्या अंतरावरून चित्र काठोकाठ भरलेलं दिसतं, त्याला आय रिलीफ म्हणतात. साध्या रायफल-स्कोपमध्ये ते ७५ ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतं.

खाली सांगितलेलं प्रत्येक काम रिकाम्या रायफलवरच करायचं. मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारी सरकती खीळ) उघडा, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. दोघं मिळून काम करणार असाल तर दोघांनीही चेंबर तपासायचं.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची .२२ बोल्ट रायफल आहे आणि तिच्यावर ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट झूम, पुढची काच ४० मिलिमीटरची) आहे. क्लबच्या रेंजवर पोटावर झोपून नेम धरतो तेव्हा चित्र स्वच्छ दिसतं. उभा राहिलो की चारही बाजूंनी काळं कडं येतं आणि मधे रुपयाएवढं चित्र उरतं. स्कोप मागे ओढला तर उभ्याने छान दिसतं, पण झोपल्यावर बिघडतं. दोन्ही साधणार कसं? (अमळनेर)

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पोटावर झोपल्यावर छाती जमिनीला टेकते, खांदा पुढे जातो आणि मान लांब होऊन गाल दस्त्यावर (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर) पुढच्या बाजूला टेकतो. म्हणजे डोळा स्कोपच्या जवळ येतो. उभं राहिल्यावर अंग निशाण्याला जवळजवळ आडवं असतं, कंबर किंचित मागे झुकते, डोकं ताठ राहतं आणि गाल मागे टेकतो. गुडघ्यावर बसल्यावर डोळा या दोहोंच्या मधे कुठेतरी येतो. पोटावरची आणि उभ्याची स्थिती यांत डोळ्याच्या जागेचा फरक सहज २० ते ४० मिलिमीटर पडतो. स्कोपची सहनशीलता त्याहून कमी असली की एका स्थितीत काळं कडं येणारच.

ही सहनशीलता झूमवर अवलंबून असते. पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास. तुमच्या स्कोपमध्ये ९ झूमवर तो ४.४ मिलिमीटर आहे, ६ वर ६.७ आणि ४ वर १०. भर उन्हात डोळ्याची बाहुली २-३ मिलिमीटरच उघडी असते. त्यामुळे ४ झूमवर डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं, ९ वर खपत नाही. पुष्कळ स्कोपमध्ये झूम वाढवलं की आय रिलीफही काही मिलिमीटरने घटतो. म्हणून मोजमाप नेहमी सगळ्यात जास्त झूमवर सुरू करायचं.

आता बसवण्याची रीत.

नेमबाजीच्या वेळी जे कपडे घालता तेच घाला. जाड जॅकेट घातलं की दस्ता शरीरापासून तेवढा पुढे सरकतो आणि डोळा स्कोपपासून लांब जातो. मे महिन्यात सुती शर्टावर केलेलं माप धुळे-जळगावच्या जानेवारीत स्वेटर चढवल्यावर चुकतं. टोपी आणि चष्मा नेहमी वापरत असाल तर तेही आत्ताच चढवा.

मग आयपीसचा (डोळ्याकडच्या काचेच्या भागाचा) फोकस, आणि तो रिंगा, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्या, कसण्याच्या आधी. काही स्कोपमध्ये आयपीस फिरवला की मागची काचच दोन-चार मिलिमीटर मागेपुढे होते, म्हणून हे काम पहिलं. मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखा (सूर्याच्या आसपाससुद्धा नको) आणि दोन-तीन सेकंदच पाहा. क्रॉस (स्कोपमधल्या आडव्या-उभ्या नेमाच्या रेघा) पाहताक्षणी रेखीव दिसला पाहिजे. जास्त वेळ टक लावली तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फोकस चुकलेला कळत नाही. आयपीस थोडा फिरवा, नजर लांब न्या, पुन्हा पाहा.

रिंगांचे वरचे स्क्रू इतकेच आवळा, की स्कोप हाताने सरकवता येईल पण आपोआप घसरणार नाही. स्कोप पुढे सरकेल तेवढा सरकवा. स्कोपच्या नळीवर, मागच्या रिंगेलगत, मास्किंग टेपची पट्टी लावा. इथे आपला शून्य.

आता झूम ९ वर ठेवून पोटावर झोपा. डोळे मिटा. रायफल खांद्यात घ्या, गाल सहज टेकवा, दोन श्वास घ्या, मान सैल सोडा आणि मग डोळे उघडा. डोळे मिटण्याला फार महत्त्व आहे. उघड्या डोळ्यांनी बसलात तर चित्र शोधायला डोकं आपोआप सरकतं आणि तुम्ही स्कोपला जुळवून घेता. आपल्याला उलट हवं आहे. सोबत्याला स्कोप एकेक मिलिमीटरने मागे आणायला सांगा. चित्र काठोकाठ भरलं की टेपवर पहिली खूण. तसंच मागे आणत राहा. कडा पुन्हा काळवंडू लागल्या, की त्याच्या आधीची जागा ही दुसरी खूण. या दोन खुणांमधला पट्टा हे पोटावरच्या स्थितीचं घर. गुडघ्यावर बसून आणि उभं राहून हेच करा. दर स्थितीसाठी वेगळ्या रंगाचं पेन घ्या, नाहीतर खुणांचा गोंधळ होतो.

समजा, ९ झूमवर पट्टे असे निघाले : पोटावर ८ ते २०, गुडघ्यावर १५ ते २७, उभ्याने २६ ते ३८ मिलिमीटर. पोटावरचा आणि उभ्याचा पट्टा एकमेकांना शिवतच नाहीत. म्हणजे ९ झूमवर दोन्ही साधणार नाही, कितीही सरकवा. आता ६ झूमवर मोजा. पट्टे रुंद होतात. समजा, पोटावर ३ ते २५ आणि उभ्याने २१ ते ४३. इथे २१ ते २५ हा भाग दोघांनाही चालतो, गुडघ्यावरचा पट्टाही तो झाकून पुढे जातो. २३ वर स्कोप घट्ट करा, प्रश्न मिटला. उभ्याने ६ झूम कमी पडतं असं वाटेल, पण उभ्याने हलणाराच हात असतो. ९ वर तो थरथराट दीडपट मोठा दिसतो आणि माणूस घाईने चाप ओढतो. उभ्याने ४ ते ६, हेच आमचं मत.

पोटावर झोपून ९ झूम हवंच असेल तर स्कोपला हात लावू नका, दस्त्याची लांबी बदला. रबराचं मोज्यासारखं बट-पॅड मिळतं, दस्त्यावर चढवलं की लांबी २० ते २५ मिलिमीटर वाढते. स्कोप उभ्याच्या पट्ट्यात, वरच्या उदाहरणात ३२ च्या आसपास, कसायचा. पोटावर झोपताना पॅड चढवायचं, उभं राहताना काढायचं. पॅडने स्कोप डोळ्यापासून तेवढाच लांब जातो आणि पोटावरचं चित्र पुन्हा भरतं. दस्त्याला बट-प्लेटखाली (खांद्याकडच्या टोकाच्या पाटीखाली) पट्ट्या घालायची सोय असेल तर ५ मिलिमीटरच्या पट्ट्यांनी हेच काम जास्त बारकाईने होतं. एवढं ध्यानात ठेवा, की लांबी बदलली की खांद्याचा दाब बदलतो आणि गोळी थोडी वेगळीकडे लागू शकते. दोन्ही मांडण्यांचे पाच-पाच गोळ्यांचे गट मारून फरक वहीत लिहून ठेवा. स्कोपच्या चक्राच्या पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने ५० मीटरवर नेम ३.६ मिलिमीटर सरकतो.

हे अंतर झालं, आता उंची. सावली चारही बाजूंनी सारखी असेल तर डोळा जवळ किंवा लांब आहे. ती एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी असेल तर डोळा मध्यरेषेवर नाही. वर किंवा खाली कोर येत असेल तर दस्त्याची गालाजवळची कड ठेंगणी किंवा उंच आहे. उघड्या साइटसाठी (नळीवरच्या, दुर्बिणीविना नेम धरायच्या खुणांसाठी) बनवलेल्या दस्त्यांवर स्कोप चढवला की हे हमखास होतं, कारण स्कोपची रेषा साइटपेक्षा बरीच वर असते. गालाऐवजी हनुवटी टेकवून नेम धरावा लागतो आणि डोकं अधांतरी राहतं. योगा मॅटचा ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा दस्त्यावर ठेवा, वरून मेडिकलमधलं क्रेप बँडेज गुंडाळा, पुन्हा डोळे मिटून बघा. कमी पडला तर दुसरा थर. चिकटपट्टी थेट लाकडावर नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि पॉलिश घेऊन निघतो. बोल्ट मागे ओढताना तो तुकड्याला अडणार नाही इतकी जागा बोल्टच्या मागे सोडा.

जागा ठरली की क्रॉस सरळ करा. गवंड्याचा ओळंबा १५-२० मीटरवर वाऱ्याच्या आडोशाला टांगा, रायफल टेकूवर पाणसळीने सपाट करा आणि क्रॉसची उभी रेघ दोरीवर आणा. रिंगांचे स्क्रू तिरपे-समोरासमोर, प्रत्येकी पाव वळसा, असे आळीपाळीने कसा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एका बाजूचे स्क्रू आधी कसले तर स्कोप त्या बाजूला वळतो आणि ओळंब्याची मेहनत वाया जाते. वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर पुष्कळ होतात. टॉर्क पेचकस नसेल तर छोट्या एलन-कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी कसा. लांब दांडा धरून मूठ लावली तर नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीत आतली क्लिक अडकून बसते.

पारख अशी : प्रत्येक स्थितीत डोळे मिटून दहा वेळा रायफल खांद्यात घ्या. डोळे उघडताच दहापैकी आठ वेळा तरी, डोकं न हलवता, चित्र भरलेलं दिसलं पाहिजे. आठपेक्षा कमी आलं तर स्क्रू परत सैल करा. शून्य मारणं, म्हणजे झिरो (नेम धरलेल्या जागीच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं), यानंतरच. आधी झिरो करून मग स्कोप सरकवला की तेवढ्या गोळ्या फुकट.

प्रश्न : रिंगा सरकवायच्या तर रायफलवरच्या पट्टीवर, जिच्यावर रिंगा बसतात, जागाच नाही. स्कोपचा मधला फुगीर भाग रिंगेला अडतो. (पाचोरा)

उत्तर : आधी पट्टी कुठली आहे ते बघा. .२२ आणि एअर रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते, तिच्यावर रिंग कुठेही बसते. पिकॅटिनी पट्टीवर खाचा १० मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून रिंग एका घराने हलवली की स्कोपही १० मिलिमीटरने हलू शकतो. बारीक फरक मग नळी रिंगेत सरकवून करायचा. वीव्हर या तिसऱ्या प्रकारच्या पट्टीच्या रिंगा पिकॅटिनीवर बहुधा बसतात, पिकॅटिनीच्या रिंगा वीव्हरच्या अरुंद खाचेत बसतीलच असं नाही.

तरीही जागा अपुरी पडली तर पुढे किंवा मागे वाढवलेल्या, म्हणजे ऑफसेट रिंगा घ्या. घेताना नळीचा व्यास नक्की करा : २५.४ मिलिमीटर की ३०. रिंग नळीच्या निमुळत्या भागावर कधीही चढवू नका. ती फक्त एका कडेने धरते, आणि दहा-वीस गोळ्यांत नळीला खड्डा पडतो.

प्रश्न : स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअर रायफल आहे, ४.५ मिलिमीटरची. त्यावरचा स्कोप दर आठवड्याला माझ्या डोळ्याच्या जवळ येतो. शिवाय १० मीटरवर छर्रे इकडेतिकडे जातात, टेकूवरूनसुद्धा. मूळचाच स्कोप खराब निघाला का? (धुळे)

उत्तर : जवळ येतोय हे खरंच घडतंय, भास नाही. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की ती झटक्याने पुढे जाते. या दुसऱ्या झटक्यात रायफल पुढे निघते आणि स्कोप जागच्या जागी राहू पाहतो, म्हणून तो रायफलवर मागे मागे सरकतो. नळी रिंगेत सरकते की रिंग पट्टीवर सरकते, हे आधी शोधा. नेलपॉलिशची एक बारीक रेघ रिंग आणि नळी दोन्हींवरून ओढा, दुसरी रिंग आणि पट्टी यांवरून. पन्नास छर्ऱ्यांनंतर कुठली रेघ तुटली ते बघा.

पट्टीवरची तुटली असेल तर स्टॉप-पिन (सरकणं अडवणारी खीळ) असलेला माउंट, म्हणजे स्कोप पट्टीवर धरणारा भाग, लागेल. बऱ्याच रायफलींच्या पट्टीवर मागच्या बाजूला एक-दोन भोकं असतात, पिन त्यात उतरते. पिन भोकात न जाता नुसती पट्टीवर टेकली तर माउंट वर उचलला जातो आणि पकडच सुटते, म्हणून पिनची लांबी नीट लावा. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट इथे चांगला. रिंगेतली रेघ तुटली असेल तर नळी आणि रिंगेचा आतला भाग स्पिरिटने पुसा. कारखान्यातलं तेल तिथे राहिलेलं असतं आणि मग कितीही कसलं तरी पकड बसत नाही. जास्त कसणं हा उपाय नव्हे. असे दुहेरी झटके साधा रायफल-स्कोप सोसत नाही, आतला क्रॉससुद्धा निखळतो. घेताना तो स्प्रिंग एअर रायफलसाठी बनवला आहे हे विचारून घ्या.

आता छर्ऱ्यांचं. तुम्ही स्कोपवर पुढच्या काचेचं किंवा बाजूचं अंतर-चक्र (निशाण्याच्या अंतराप्रमाणे फिरवायचं) असल्याचं लिहिलेलं नाही. ते नसेल तर खरा दोष पॅरॅलॅक्सचा. मोठ्या रायफलींचे असे स्कोप बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, जुळवलेले असतात. १० मीटरवर डोळा मध्यरेषेवरून सरकला, की क्रॉस निशाण्यावरून सरकतो, रायफल हललेली नसतानाही. ४० मिलिमीटरच्या पुढच्या काचेला ही चूक जास्तीत जास्त २० × (९१ − १०) ÷ ९१, म्हणजे जवळपास १८ मिलिमीटर होते. १० मीटरच्या एअर रायफल टार्गेटवर एका वर्तुळाची रुंदी अडीच मिलिमीटर. म्हणजे डोळ्याच्या चुकीने सात वर्तुळं गेली.

खात्री करायची तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, हात काढून घ्या, आणि नुसतं डोकं डावीउजवीकडे हलवून क्रॉस बघा. तो निशाण्यावर फिरला तर पॅरॅलॅक्स आहे. १० मीटरपर्यंत जुळणारा, पुढची काच फिरवता येणारा स्कोप हा याचा खरा इलाज. चक्रावर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका. क्रॉस स्थिर होईपर्यंत फिरवा आणि तिथे स्वतःची खूण करा. स्कोप बदलेपर्यंत एक जुगाड चालतं : झूम थोडं कमी करा आणि मुद्दाम डोकं एवढं मागे न्या की चारही बाजूंनी पातळ, सारखी काळी कड दिसेल. ती सारखी आहे तोवर डोळा मध्यरेषेवर आहे.

मागे मातीचा किंवा वाळूचा बांध असू द्या. पत्रा, दगड किंवा विटांवरून छर्रा परत येतो, त्यामुळे रेंजवर प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

प्रश्न : वय ६१, दोन भागांचा चष्मा. लष्करातून निवृत्त झाल्यावर पुन्हा सराव सुरू केला आहे. चष्मा लावून आयपीसला डोळा लावला तर चष्मा अडतो, काढला तर क्रॉस एका रेघेत स्पष्ट, दुसरीत फिकट. (भुसावळ)

उत्तर : एक रेघ स्पष्ट आणि दुसरी फिकट, याचा अर्थ तुमच्या नंबरात सिलिंडर (वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर) आहे. आयपीसच्या फोकसने जवळ-लांबचा नंबर भरून निघतो, सिलिंडर निघत नाही. तेव्हा चष्मा लावूनच नेम धरा, आणि आयपीसचा फोकसही चष्मा लावूनच करा.

पण दोन भागांचा चष्मा यासाठी नको, प्रोग्रेसिव्ह तर मुळीच नको. पोटावर झोपल्यावर मान खाली आणि नजर वर असते, म्हणजे तुम्ही काचेच्या वरच्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहता. प्रोग्रेसिव्ह काच तिथे चित्र वाकवते. फक्त लांबच्या नंबराचा, उंच काचांचा, पॉलिकार्बोनेटचा चष्मा वेगळा करून घ्या. चष्मेवाल्याला नेम धरण्याची मान करून दाखवा आणि उजव्या काचेचं केंद्र वर आणि नाकाकडे घ्यायला सांगा. नाकावरच्या पॅड किंचित आत दाबल्या की फ्रेम वर बसते.

अंतराचा हिशोब असा. डोळ्यापासून काच १२ ते १४ मिलिमीटरवर असते, त्यात काचेची जाडी मिळवा, साधारण १६ झाले. स्कोपचा आय रिलीफ ९० असेल तर चष्म्यासमोर ७४ उरतात. .२२ ला ते भरपूर आहेत. आय रिलीफ ७५ असलेल्या स्कोपवर ५९ च उरतात. .२२ ला तेही चालतील, जोरात मागे धक्का देणाऱ्या रायफलीला नाही.

वयाचा आणखी एक परिणाम : बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही. म्हणून संध्याकाळी मोठ्या काचेचा जड स्कोप घेऊनही फार फायदा होत नाही. ४० मिलिमीटरची काच आणि ६-७ झूम तुम्हाला पुरेल.

प्रश्न : वडिलांच्या नावची .३१५ रायफल रीतसर माझ्या परवान्यावर चढली आहे. .२२ वरचा स्कोप तिच्यावर बसवून घेतला. तिसऱ्याच गोळीला भुवई फुटली, दोन टाके पडले. (शहादा)

उत्तर : जखम भरेपर्यंत रायफलीला हात लावू नका. दुखऱ्या भुवईने नेम धरला की चाप ओढताना डोळा मिटतो आणि ती सवय जाता जात नाही.

तुम्ही टेबलावर बसून, पुढे वाकून गोळ्या मारल्या असाव्यात असं पत्रावरून दिसतं. टेबलावर माणूस नकळत पुढे सरकत जातो, दस्ता खांद्याच्या खोबणीतून खाली घसरतो, आणि धक्का बसला की रायफल कित्येक सेंटिमीटर मागे येते. स्कोपची कड भुवईला लागायला तेवढं पुरतं. पोटावर आणि उंचावरच्या निशाण्यावर रोखताना धोका तितकाच असतो.

.३१५ चा धक्का .२२ पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून या रायफलीसाठी कमीत कमी ९० ते १०० मिलिमीटर आय रिलीफचा स्कोप घ्या आणि तो आकडा जास्तीत जास्त झूमवर तपासा. पहिल्या प्रश्नातली खुणांची रीत इथेही तीच, फक्त निर्णय वेगळा. सामाईक पट्ट्याच्या मधोमध न बसवता पुढच्या, म्हणजे डोळ्यापासून लांबच्या टोकाला घट्ट करा. उभ्याने पातळ काळी कड राहिली तरी राहू द्या. इथे सगळ्यात जवळची स्थिती ठरवणार, सगळ्यात सोयीची नव्हे.

आणखी दोन गोष्टी. ही रायफल उघड्या साइटसाठी घडवलेली आहे, तिचा दस्ता गालाशी ठेंगणा आहे. गालाला आधार नसला की धक्क्यात डोकं सुटं राहतं, म्हणून उंची भरून काढा. आणि बोल्टचा दांडा उचलताना तुमची बोटं आयपीसला घासतात का ते रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा करून बघा. भोकं पाडणं, पट्टी बसवणं हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. गावातल्या लेथवाल्याकडे रायफल ठेवून येणं बेकायदेशीर आहे आणि धोक्याचंही.

तुम्ही पत्राच्या शेवटी रानडुकरांबद्दल विचारलं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही रानटी जनावरावर गोळी चालवता येत नाही, पिकाचं नुकसान होत असलं तरीही. पिकाचा पंचनामा करून घ्या आणि नुकसानभरपाईचा अर्ज करा.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेतून एअर रायफल सुरू केली. बाईंनी सांगितलं स्कोप नको. घरी सरावाला स्कोप लावला तर लवकर शिकेल का? (चोपडा)

उत्तर : बाईंचं ऐका. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन या दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रकारांत दुर्बीण चालत नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तीही अशीच साइट लावून खेळायची स्पर्धा. तिथे गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, अशा तीन स्थिती असतात. डोळ्याच्या अंतराचं गणित तिथेही सुटत नाही : स्थिती बदलली की नेमबाज मागची साइट पट्टीवर पुढेमागे करतात, बट-प्लेट बदलतात आणि प्रत्येक स्थितीचे आकडे वहीत ठेवतात.

तेरा वर्षांच्या मुलीची खरी अडचण बहुधा दस्त्याची लांबी असते. मोठ्यांचा दस्ता चापापासून टोकापर्यंत ३४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तिला ३०० ते ३२० ची गरज पडू शकते. लांब दस्त्यामुळे ती मागे झुकते, मान पुढे ताणते आणि डोळा दरवेळी वेगळ्या जागी येतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर आरामात चापावर आलं पाहिजे. बाईंना हे माप दाखवा आणि लहान बट-प्लेट मागा. आणि एकदा तिचा कुठला डोळा प्रभावी आहे ते तपासा : दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या फटीतून दूरचा खांब बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो तो प्रभावी. उजव्या हाताची मुलगी डाव्या डोळ्याची निघाली तर ते आत्ताच कळलेलं बरं, तीन वर्षांनी नव्हे.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी निशाणा पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. आय रिलीफ बिघडला असेल का? (रावेर)

उत्तर : नाही, ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की काळ्या मातीच्या रेंजवर सकाळी दहानंतर हे सुरू होतं. झूम ५-६ वर आणा, हलणं कमी दिसतं. रायफलची नळी तापल्यावर तिच्यावरूनही गरम हवा उठते आणि नेमकी स्कोपच्या समोर येते, तिच्यासाठी पाच गोळ्यांनंतर थांबायचं, किंवा नळीवरून रुंद कापडी पट्टी ताणून बसवायची. सराव सहा ते नऊमध्ये उरकलात तर सगळ्यात उत्तम.

घामाने गाल घसरतो आणि डोळ्याची जागा बदलते, तिथे गुंडाळलेलं क्रेप बँडेज कामी येतं. काचेवरची धूळ आधी रबरी फुग्याने उडवा, मग मऊ ब्रशने झटका, आणि शेवटी मायक्रोफायबरने पुसा. उपरण्याने कोरडी पुसली तर मातीचे कण काचेवरचा लेप खरवडतात. बंद गाडीत, काचेमागे, रायफल किंवा स्कोप ठेवून जेवायला जाऊ नका. आणि पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर काढल्यावर काचेवर दव धरलं तर पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवा, ते आपोआप उडतं.